मशीनची खोळ

३ फेब्रुवारी

ही वही मुलीने दिली. "बाबा, आईवर चिडायचं नाही. चिडायचंच असेल तर यात चिडा," म्हणाली आणि आपल्या घरी निघून गेली. सल्ला देणाऱ्याचं काय जातं! बरं, यात चिडतो.

एक्केचाळीस वर्षं मी शिंपीकाम केलं. त्यातलं निम्मं आयुष्य दुसऱ्यांनी बिघडवलेलं नीट करण्यात गेलं. कोणाची बाही चढलेली, कोणाच्या पँटला झोळ. उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. ऑक्टोबरात हिला झटका आला, उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, तेव्हा दुकान बंद केलं आणि मशीन घरी आणलं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलंय. आणताना हमालांनी त्याची जुनी खोळ टरकावली. तेव्हापासून मशीन उघडं आणि वर रस्त्यावरची धूळ. रोज पुसतो, रोज बसते. शिंप्याच्याच मशीनला अंगभर कपडा नाही, कोणी ऐकलं तर हसेल.

आज मंगळवार. मंगळवार आणि शुक्रवार हे चेंडूबाईंचे दिवस. हिला व्यायाम शिकवायला येतात त्या बाई. पिशवीत कायम चार रंगांचे चार चेंडू, म्हणून हे नाव मीच ठेवलं. आज म्हणाल्या, "काकू, चेंडू खूप झाले. आता काहीतरी खरं बनवायला घ्या. शिवा ना! तुमच्या घरात सुईदोऱ्याला काय तोटा!"

मी म्हटलं, "त्या हाताने? अजून चमचा धड धरता येत नाही."

"म्हणूनच म्हणतेय, काका."

"काय शिवायचंय ते मला सांगा. मी शिवून देतो."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी काय चुकीचं बोललो हे अजून कळलेलं नाही.

६ फेब्रुवारी

दोन दिवस खपून मी हिच्या सगळ्या गाऊनची बटणं काढली आणि त्या जागी व्हेल्क्रोची पट्टी लावली. एका हाताने ओढलं की उघडतं, दाबलं की बंद. माझ्या मते फार सुबक काम झालं होतं. चेंडूबाईंनी पाहिलं. कौतुक राहिलं बाजूला, वर मलाच ऐकवलं. "काका, तुम्ही सगळं सोपं करून ठेवलंत तर तो हात कशाला कष्ट घेईल?"

आता सगळी बटणं पुन्हा लावायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

पायाचंही तेच. बाई तिच्या उजव्या पायाखाली कागदाचा बोळा ठेवतात आणि दाबा म्हणतात. पाय ढिम्म. मग ही हळूच डावा पाय पुढे सरकवते, त्याने बोळा दाबते आणि निष्पापपणे छताकडे बघते. चालतानाही उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहते. हिला कळतही नाही. मी मागून चप्पल उचलत चालतो.

११ फेब्रुवारी

घरात चोर शिरलाय. जाड कापडाची सुई गेली. माझं अंगुस्तान गेलं, पितळेचं, तीस वर्षं बोटात होतं. पांढऱ्या दोऱ्याचं अख्खं रीळ गेलं. हिला विचारलं तर म्हणते, "तुमचं वय झालं. ठेवता आणि विसरता."

विसरतो म्हणे! या शहरातल्या निम्म्या पुरुषांच्या कमरेची मापं मला अजून तोंडपाठ आहेत.

शिवाय दुपारी तीन ते पाच मी फिरायला जायचं असा हुकूम निघालाय. डॉक्टरांनी फिरायला हिला सांगितलंय, मला नाही. पण तीन वाजले की ही दाराकडे बोट दाखवते. मी निघालो की जिन्यात वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई भेटतात. शाळेतून निवृत्त झाल्यात पण आवाज अजून वर्गातलाच. रोज तीनलाच खाली येतात. दोन तास या दोघींना बोलायला काय सापडतं कोण जाणे.

१९ फेब्रुवारी

चौकात रस्ता खणून ठेवलाय म्हणून आज साडेतीनलाच परतलो. जिन्यात असताना गुणगुणणं ऐकू आलं. ही गात होती. ऑक्टोबरपासून या घरात असा आवाज नव्हता. मला इतकं बरं वाटलं की दाराशी थोडा वेळ तसाच थांबलो. मग कडी वाजवली तर आत धडपड झाली.

आत गेलो तर ही खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघतेय, चेहरा चोरी पकडल्यासारखा. मास्तरीणबाईंना एकदम खोकला आलेला. हिच्या डाव्या तर्जनीवर रक्ताचा ठिपका.

"हे काय?"

"काटा लागला. कुंडीतल्या झाडाचा."

त्या झाडाला काटे नाहीत. मनात म्हटलं, माती उपसताना खडा टोचला असणार. हिने कुंड्या उपसायच्या आणि मला सांगायचं नाही, हे बरं नव्हे. उद्या पडलीबिडली तर? कुंड्या गच्चीत नेऊन ठेवल्या. दोघी पोट धरून हसल्या. हिला हसताना तोल सांभाळावा लागतो, पण हसली.

२६ फेब्रुवारी

मशीनवर बोटभर धूळ. आता खोळ शिवायलाच हवी. बसायला सवड नाही, नाहीतर तासाभराचं काम. माप घ्यायचीही गरज नाही, डोक्यात आहे.

४ मार्च

आज जरा मनासारखं काम झालं. खुर्चीवर शेजारपाजारच्यांच्या दुरुस्त्यांचा ढीग साठला होता. घरी आलो तरी लोक सोडत नाहीत. मास्तरीणबाईंच्या यजमानांच्या दोन पँटी आखूड करायच्या होत्या, त्या काढल्या. त्यांच्या खाली एक भलतंच प्रकरण निघालं. करड्या जाड कॅनव्हासची मोठी चौकोनी पिशवी, बंद नाही, पट्टा नाही. अधिक चिन्हासारखं कापड कापून चार कोपरे जोडलेले, म्हणजे चार उभ्या शिवणी. हातशिलाई, पांढऱ्या दोऱ्याने. करड्यावर पांढरा! म्हणजे झाकायचंही नाही, जगाला दाखवायचंय.

आणि काय ते टाके! पहिली शिवण बघून मला घाम फुटला. एक टाका बोटाएवढा, पुढचा तिळाएवढा, तिसरा भलतीकडेच पळालेला. दोरा मध्येच गुंतलाय, तिथे मिऱ्याएवढी गाठ. दुसरी शिवण जरा बरी. तिसरीत काहीतरी शिस्त दिसते. चौथी जवळजवळ सरळ, तीही अर्धवट सोडलेली, सुई तिथेच टोचलेली. सुई माझ्याकडे असते तशीच. जणू चार वेगळ्या माणसांनी चार बाजू शिवल्यात.

मास्तरीणबाईंना हाताने काहीबाही करायचा नाद आहे. गेल्या वर्षी त्यांनी विणलेला स्वेटर यजमान अजून घालत नाहीत. म्हटलं, पँटींबरोबर हेही निस्तरू. ब्लेडने चारही शिवणी उसवल्या, मशीनवर टीप मारली, कडा दुमडल्या. वीस मिनिटं. कोपरे असे बसले की चाकूने कापल्यासारखे. त्या पिशवीत त्या काय ठेवणार हे काही कळलं नाही. एवढ्या मापाची वस्तू त्यांच्या घरात मी तरी पाहिलेली नाही.

ही आत झोपली होती. उठल्यावर सांगेन म्हटलं आणि विसरलो.

५ मार्च

सकाळी वर गेलो. मास्तरीणबाईंनी पँटी घेतल्या. पिशवी उलगडली आणि खालीच बसल्या.

"हे तुम्ही उसवलंत?"

"उसवून नीट केलं. तुम्ही राग मानू नका, पण ते टाके—"

"अहो, ते टाके तिचे होते."

मला कळेना, तिचे म्हणजे कोणाचे. मग त्यांनी सांगितलं. कापड त्यांनी दिलं, कापूनही त्यांनीच दिलं. पण शिवलं हिने, रोज दोन तास, चार आठवडे. त्या दिवशी मी लवकर आलो तेव्हापासून लपवायला दुसरी जागा नव्हती म्हणून दुरुस्तीच्या ढिगात सारायची. ती पिशवी नव्हती. माझ्या मशीनची खोळ होती.

जगाची मापं तोंडपाठ, आणि स्वतःच्या मशीनचं माप हातात घेऊन ओळखता आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खाली येऊन हिला सांगितलं. हिने खोळ हातात घेतली, माझ्या टिपेवरून डाव्या हाताचं बोट फिरवलं. म्हणाली, "छान झालीय." आणि उठून आत गेली. चप्पल मागे राहिली. मी उचलली नाही.

६ मार्च

चेंडूबाई आल्या. "काकू, आज दाखवणार होता ना? कुठे आहे?"

ही म्हणाली, "अजून झाली नाही. झाली की दाखवीन."

मग चेंडू पुढे केले तर हिने हात उचलला नाही. बोळा ठेवला तर डाव्या पायानेही दाबला नाही. जाताना बाईंनी मला दाराबाहेर बोलावलं. "काका, काय झालंय? मंगळवारपर्यंत हात किती छान उघडत होता. हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. आता सोडून दिलं तर पुढे फार जड जातं. गाठ मारण्यापर्यंत आल्या होत्या त्या!"

मी म्हटलं, "हवा बदललीय, त्याने असेल."

खोटं बोललो. आणि हिने माझ्यासाठी खोटं बोलून मला वाचवलं, त्याने जास्त लागलं. चांगले चार शब्द सुनावले असते तर सुटलो असतो.

९ मार्च

ही परत डाव्या हाताने जेवते. उजवा मांडीवर ठेवलेला असतो, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. तीन वाजता मास्तरीणबाई येत नाहीत. मला फिरायलाही कोणी हाकलत नाही.

आज मीच विषय काढला. चुकून झालं, ढिगात होती, मला कसं कळणार वगैरे. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तुम्ही दुसऱ्यांदा केलंत."

"दुसऱ्यांदा?"

"लग्नाच्या पहिल्या वर्षी मी उशीचा अभ्रा शिवला होता. तुम्ही दुकानातून आलात, पाहिलंत, हसलात आणि जेवायच्या आधी उसवून सरळ करून दिलात."

"मग चांगलंच केलं ना?"

"चांगलंच केलं. त्या अभ्र्यावर तुम्ही अठरा वर्षं झोपलात. मी नंतर सुई हातात घेतली नाही."

मला तो अभ्रा आठवत नाही. दुपारभर आठवायचा प्रयत्न केला. रंगसुद्धा आठवत नाही.

११ मार्च

दुकानातली सवय म्हणून मी उसवलेले दोरे जमिनीवर टाकत नाही, बिस्किटाच्या डब्यात टाकतो. आज डबा उघडला. तिच्या पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे वरच होते. त्यात सात गाठी सापडल्या. मिऱ्याएवढ्या पाच, दोन अगदी साध्या, मी मारतो तशा. एका हाताने अशी गाठ मारता येत नाही, निदान मला तरी येत नाही. दुसरा हात मदतीला आल्याशिवाय दोरा आवळला जात नाही. सात वेळा तिचा उजवा हात मदतीला आला होता. आणि मी डब्यात टाकला.

खोळ खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरली. कॅनव्हास फार चांगला माणूस आहे, काही विसरत नाही. माझ्या टिपेची भोकं एका रांगेत आणि त्यांच्या अलीकडे पलीकडे तिची, विखुरलेली, पण सगळी शाबूत. ठरवलं. माझी टीप उसवायची आणि तिच्या भोकांतून पुन्हा दोरा न्यायचा. जसं होतं तसं. एवढी सुरेख टीप उसवताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू.

१२ मार्च

वाकडं शिवता येत नाही! सकाळपासून बसलोय. भोक डावीकडे असतं, हात सुई सरळ नेतो. भोक लांब असतं, हात मध्येच एक टाका घालून मोकळा होतो. पाच वेळा उसवलं. एक्केचाळीस वर्षांत माझ्याच हाताने माझं ऐकलं नाही असं झालं नव्हतं. वैताग, वैताग आणि वैताग.

शेवटी सुई डाव्या हातात घेतली. चार टाके पडले. चारही वाईट. अगदी हवे तसे.

१४ मार्च

दुपारी डाव्या हाताने झटापट चालली होती. दोन बोटं टोचली, अंगुस्तान अजून हिच्याकडेच. मागून आवाज आला.

"तिथे नाही. त्याच्या खालचं भोक."

ही दारात उभी. किती वेळ होती कोण जाणे. मी म्हटलं, "खालचं कसं असेल? टाका उलटा जाईल."

"उलटाच गेला होता. तेव्हा दाराची बेल वाजली, माझा हात उडाला."

येऊन शेजारी बसली. मी भोकात सुई घालायची आणि हिने सांगायचं. इथे दोरा संपला आणि मला कळलंच नाही, नुसती सुई नेत बसले. इथे मास्तरीणबाईंनी यजमानांच्या स्वेटरची गोष्ट सांगितली. इथे रडले. हा सगळ्यात लांब टाका, त्या दिवशी पहिल्यांदा अंगठ्याला सुई कळली, आनंदात ओढतच राहिले.

"आणि हे तीन एका जागी?"

"तुमच्या पावलांचा आवाज आला वाटलं. घाबरून तिथेच टोचत बसले."

मी हसलो नाही. माझ्या पावलांना घाबरून, हे काही हसण्यासारखं नाही.

पहिली शिवण संपायला दोन तास लागले. एक फुटाची शिवण! कायम मला ठाऊक असतं, पुढचा टाका कुठे पडणार. आज ठाऊक नव्हतं. प्रत्येक टाका पडला की बघायचं, अरे, पडला! लिहायला लाज वाटते, पण मला फार मजा आली. शिंपी झाल्यावर ही मजा कधी गेली तेही लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या शिवणीला सुई ओवली तेव्हा हिने खोळ माझ्या मांडीवरून ओढली. उजव्या हाताने. "द्या इकडे. तुम्हाला नीट वाकडं येत नाही."

१७ मार्च

चेंडूबाईंना हात पुन्हा उघडताना दिसला. मला म्हणाल्या, "बघा, हवा बदलली." आता यांना काय सांगायचं!

२४ मार्च

डोक्याला ताप झालाय. ही भोकांतून शिवत नाही! मी एवढं भिंग धरून, डोळे फोडून एक बाजू जशीच्या तशी उभी केली आणि ही आपली मनाला येईल तिथे सुई घालते. मी म्हटलं, "अगं, तुझा जुना टाका इथे होता."

"तेव्हा होता. आता तिथे कशाला घालू? हात चांगला जातोय की."

बरोबर आहे, पण मग माझी मेहनत? दुसरी, तिसरी, चौथी, तिन्ही शिवणी पहिल्यापेक्षा कितीतरी सरळ आल्या. चौथीत एकच टाका लांब गेलाय. माझा हात आपोआप ब्लेडकडे गेला. हिने नुसतं पाहिलं. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो. कडेला एक टीप मारू का, अगदी बारीक, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मशीनला हात लावलात तर बघा."

माझ्याच मशीनला!

खोळ चढवली. कोपऱ्यात किंचित सैल आहे. अर्ध्या इंचाचा फरक. मी काही बोलणार नाही, कोणी विचारलं तरी. गेल्या पाच महिन्यांत पहिल्यांदा धूळ खोळीवर बसेल, मशीनवर नाही.

२७ मार्च

आज चेंडूबाईंना खोळ दाखवली. आम्ही तिघं मशीनभोवती बसलो. बाईंनी खोळ फिरवून फिरवून पाहिली, एकेका शिवणीवर बोट ठेवलं, फोटो काढले. "काकू, हा तर पुरावा आहे! कुठून कुठे आलात!" मग पहिल्या शिवणीपाशी थांबल्या आणि मान हलवली. "ही सगळ्यात आधीची ना? अरेरे. केवढा थरथरत होता हात तेव्हा. खरं सांगू, एवढा वाईट असेल असं मलाही वाटलं नव्हतं."

ही अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "हो. फार वाईट दिवस होते ते."

एक्केचाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस मी. माझ्या कामाला असं आजवर कोणी बोललेलं नाही. न राहवून मी तोंड उघडलं.

तेवढ्यात मशीनखाली माझ्या पायावर पाय पडला. असा दाबला की तोंडातला शब्द तोंडातच राहिला. हिच्याकडे पाहिलं तर छताकडे बघत होती. खाली वाकून पाहिलं. डावा पाय चपलेत, जागच्या जागी.

अंगठा अजून ठणकतोय.